मुलांचा छापखाना

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला बार-सुर-लू नावाचे एक डोंगरी गाव आहे. १९२० साली तेथील शाळेत एक तरुण गुरुजी आले. त्यांचे नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले होते. फुप्फुस दुखावले होते. फार वेळ मोठ्याने बोलले की त्यांना धाप लागे. मग वर्ग शिकवायचा कसा?

दुसरीही अडचण होती. पुस्तक सर्वांना एकच. पण मुले काही एकसारखी नव्हती. कोणी भराभर वाची, कोणी अक्षराशीच अडे. शाळेबाहेर मात्र तीच मुले भरभरून बोलत. एकदा त्यांनी गोगलगाईंची शर्यत लावली. झाले! सगळा वर्ग रंगून गेला. गुरुजींनी मुलांचे बोलणे फळ्यावर लिहून काढले. तोच त्या दिवशीचा धडा झाला.

पण फळ्यावरचे पुसले जाते. म्हणून १९२४ साली गुरुजींनी एक लहानसा हातछापखाना आणला. मुले मजकूर लिहीत. सगळी मिळून तो तपासत. मग एकेक खिळा जुळवायचा, शाई लावायची, कागद दाबायचा. एक अक्षर चुकले तर ते साऱ्या प्रतींवर उमटणार! म्हणून मुले शुद्ध लिहिण्याची काळजी घेत. त्यासाठी छडी लागत नसे.

छापलेली पाने टपालाने त्रेगँक या दूरच्या गावी जात. ते गाव समुद्राकाठचे. तेथील शाळेतली मुलेही आपली पाने इकडे पाठवीत. आपले लिहिणे कोणी तरी वाट पाहून वाचते, हे कळले की हात आपोआप लिहू लागतो.

पुढे गुरुजींनी गणिताच्या आणि भाषेच्या चिठ्ठ्या तयार केल्या. ज्याला जी जमेल ती त्याने घ्यावी, सोडवावी आणि उत्तराच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी. आठवड्याचे काम प्रत्येकाने आपल्या वेगाने करायचे. मागे राहिला म्हणून कोणाला हसायचे नाही.

आपल्या साक्षरता वर्गातही असेच असते ना? कोणी नुकते अक्षर गिरवतो, कोणी वर्तमानपत्र वाचतो. सगळ्यांना एकच धडा दिला, तर एक कंटाळतो आणि दुसरा लाजून यायचाच बंद होतो. लाजेने सुटलेला वर्ग पुन्हा धरणे फार कठीण, बरे का!

यावर उपाय सोपा आहे. छापखाना नको. भिंतीवर एक मोठा कागद लावा. ज्याला लिहिता येते त्याने चार ओळी लिहाव्यात : पाऊस किती झाला, शेळी कधी व्याली, विहिरीला पाणी किती आहे. ज्याला येत नाही त्याने सांगावे, दुसऱ्याने ते लिहून घ्यावे. सांगणाऱ्याने खाली आपले नाव मात्र स्वतः लिहावे. नवशिक्याने त्यातले ओळखीचे शब्द शोधावेत. महिना झाला की तो कागद शेजारच्या गावच्या वर्गाला पाठवावा.

करून पाहा : आज तुमच्या घरी काय घडले? दोनच ओळी लिहा. उद्या त्या वर्गात वाचून दाखवा.