बालदारिद्र्य निर्मूलन : मेक्सिकोचा धडा

घरातील दारिद्र्याची झळ सर्वांत आधी मुलांना बसते. अपुऱ्या आहाराने वाढ खुंटते, आजारपणात शाळा बुडते आणि कोवळ्या वयातच मूल मजुरीला लागते. अशा मुलाची कमाई पुढेही बेताचीच राहते व दारिद्र्य पुढील पिढीकडे वारशाने जाते. हे चक्र कोठे तोडावे, याविषयी जगात झालेल्या संशोधनात मेक्सिकोच्या ‘प्रोग्रेसा’ योजनेचा अभ्यास विशेष महत्त्वाचा मानला जातो.

योजनेचे स्वरूप

१९९४ अखेरच्या चलनसंकटाने मेक्सिकोतील गरिबांची स्थिती अधिकच बिकट झाली. मक्याची पोळी, दूध इत्यादी स्वस्त दराने पुरविण्याच्या योजना पूर्वीपासून होत्या. परंतु त्यांचा मोठा वाटा शहरांकडे जाई. म्हणून १९९७ मध्ये अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही यांच्या पुढाकाराने नवी योजना ग्रामीण भागात सुरू झाली. गरीब कुटुंबातील मातेच्या हाती रोख अनुदान देण्यात येई. मुलांची शाळेतील हजेरी किमान ८५ टक्के असावी आणि कुटुंबाने ठरावीक वेळी आरोग्य तपासणी करून घ्यावी, अशा अटी होत्या. वरच्या इयत्तांना अनुदान अधिक होते, कारण मोठ्या मुलाला शाळेत ठेवल्यास घराची मजुरी बुडते. माध्यमिक स्तरावर मुलींची गळती जास्त असल्याने त्यांना मुलांपेक्षा अधिक रक्कम मिळे. गर्भवती व स्तनदा माता आणि लहान बालके यांना पोषक आहारही दिला जाई.

मूल्यमापन व निष्कर्ष

सर्व गावांत एकाच वेळी योजना नेणे शक्य नव्हते. तेव्हा ५०६ गावे निवडून त्यांपैकी ३२० गावांत ती १९९८ मध्ये, तर उरलेल्या १८६ गावांत सुमारे दीड वर्षानंतर सुरू करण्यात आली. आधी कोणत्या गावांत सुरू करावी, हे सोडतीने ठरले. त्यामुळे दोन्ही गटांची निःपक्ष तुलना करता आली. मूल्यमापनाचे काम आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले होते.

माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांचे, विशेषतः मुलींचे प्रमाण वाढले. बालमजुरी व लहान मुलांचे आजारपण घटले. मुलांचे शिक्षण सरासरी सुमारे दोनतृतीयांश वर्षाने वाढेल, असा अंदाज निघाला. मात्र परीक्षेतील गुणांत तशी स्पष्ट वाढ आढळली नाही. अनुदानाने मूल वर्गापर्यंत पोहोचले. त्याला शिकविण्याचे काम शाळेचेच राहिले.

पुढील वाटचाल

२००० मध्ये सत्तांतर होऊनही योजना बंद पडली नाही. २००२ मध्ये ‘ओपोर्तुनिदादेस’ व २०१४ मध्ये ‘प्रोस्पेरा’ या नावांनी ती विस्तारली. अखेर २०१९ मध्ये ती संपुष्टात येऊन तिच्या जागी शिष्यवृत्त्या आल्या. आरोग्य तपासणीशी असलेला दुवा तुटला.

या अनुभवाचे सार असे की, आहार, आरोग्य व शिक्षण ही तीन खाती कागदावर वेगळी असली, तरी मूल एकच असते. किती रक्कम वाटली याचा हिशेब सोपा आहे. किती मुले निरोगी राहिली, शाळेत टिकली आणि खरोखर शिकली, याचा हिशेब ठेवणे कठीण. बालकल्याणाच्या कोणत्याही योजनेचे यश मात्र या दुसऱ्या हिशेबावरच ठरते.