आपला अर्ज आपल्याच हाताने

लेकरांनो, जालन्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना आठही तालुक्यांतली मुलं माझ्या वर्गात बसली. कुणी मंठ्याहून एसटीने यायचं, कुणी जाफ्राबादहून येऊन खोली करून राहायचं. हुशारीत ही मुलं कुठेच कमी नव्हती. तरी दर जून-जुलैत त्यातली काही मागे पडताना पाहिली. कुणाचं नॉन-क्रिमीलेअर वेळेत आलं नव्हतं, कुणाचा फॉर्म कॅफेवाल्याने त्याच्या अंदाजाने भरला होता, तर कुणाला फीमाफीची योजना प्रवेश घेऊन झाल्यावर कळली. म्हणून बारावीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आलो: अभ्यास जसा स्वतः करता, तसा प्रवेशही स्वतः करा. तो कसा करायचा, ते क्रमाने सांगतो.

१. कागद दिवाळीच्या सुट्टीतच जमवा

मृगाचा पाऊस पडल्यावर कुणी नांगर शोधत फिरत नाही. प्रवेशाच्या कागदांचंही तसंच आहे. निकाल लागला की सेतू केंद्रापुढे साऱ्या तालुक्याची रांग लागते, सर्व्हर अडतो आणि घरात पेरणीची घाई असल्याने वडिलांना तहसीलला यायला सवड नसते. दिवाळीच्या सुट्टीत हेच काम निवांत होतं.

आधी दहावीचं मार्कशीट समोर ठेवा. त्यावर तुमचं, वडिलांचं आणि आईचं नाव जसं छापलंय, तसंच ते आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि जातीच्या दाखल्यावर आहे का, अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

मग वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे आपण डोमिसाईल म्हणतो ते, आणि उत्पन्नाचा दाखला काढा. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात करायचा. दाखला तहसीलमधून येतो. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर मात्र उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतं, म्हणून त्याला जास्त दिवस धरा. नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी या सगळ्यांना लागतं. एससी-एसटीला लागत नाही. त्यावर मुदत छापलेली असते आणि ती 31 मार्चला संपते. तुमच्या प्रवेशाच्या वर्षात ते चालेल का, ते वाचून खात्री करा. मोठ्या बहिणीच्या वेळचं जुनं नॉन-क्रिमीलेअर कुणी धरणार नाही.

२. व्हॅलिडिटी हे सगळ्यात लांब पल्ल्याचं काम

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतंच. बारावी विज्ञानात असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. ही संधी वाया घालवू नका.

वडील, काका किंवा आत्या यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर काम सोपं होतं. नसेल तर जुने पुरावे शोधावे लागतात: एससीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, व्हीजेएनटीसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हा त्यात फार मोलाचा. आपला मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात. त्या वाचून घ्यायला आणि भाषांतर करून घ्यायला वेळ जातो. वंशावळ घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून लिहून काढा. ती माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत आज एसईबीसी, ईडब्ल्यूएस आणि कुणबी या तिन्हींची चर्चा चालते. अर्ज भरताना मात्र एकच प्रवर्ग धरायचा असतो. ज्या प्रवर्गाचे सगळे कागद तुमच्या हातात आहेत किंवा ठरल्या मुदतीत नक्की येणार आहेत, तोच धरा. प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज भरता येतो, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो.

३. सीईटीच्या नादात बोर्ड सोडू नका

इंजिनिअरिंगला सीईटीच्या पर्सेंटाईलवर नंबर लागतो हे खरं. पण बारावीला ग्रुपमध्ये किमान 45 टक्के, आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गाला 40 टक्के असल्याशिवाय पात्रताच धरत नाहीत. नीटचंही तसंच आहे: खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून 50 टक्के हवेत.

एमएचटी-सीईटीचा पेपर 200 गुणांचा असतो. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात, म्हणून अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटमध्ये मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. तिथे अंदाजाने गोळे काळे करू नका. सीईटी संगणकावर आणि नीट कागदावर, हा फरकही सरावात धरा. घरी संगणक नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये दोन-चार सराव परीक्षा माउसवर द्या.

४. कटऑफची यादी वाचायला शिका

ही विद्या कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कटऑफ असतात. त्यात GOPENH, LOPENH असे शब्द दिसतात आणि मुलं गोंधळतात. पहिलं अक्षर G म्हणजे सर्वसाधारण, L म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर H म्हणजे गृहविद्यापीठ, O म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, S म्हणजे राज्यस्तर.

गृहविद्यापीठ तुम्ही बारावी कुठून पास झालात यावर ठरतं. जालन्यातून झालात तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. लातूरला जाऊन बारावी केलीत तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. त्यामुळे गावातल्या दोन मैत्रिणींना सारखे गुण असूनही एकाच कॉलेजात एकीचा नंबर लागतो आणि दुसरीचा लागत नाही. स्वतःचा रकाना कोणता, हे ओळखून मगच आकडा बघा. पर्सेंटाईलबरोबर मेरिट क्रमांकही बघा आणि पहिल्या फेरीसोबत शेवटच्या फेरीचा कटऑफही वहीत उतरवा.

५. ऑप्शन फॉर्म इच्छेच्या क्रमाने भरा

कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिच्या फेरीतली सर्वांत मोठी चूक इथे होते. "वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल," ही भीती खोटी आहे. संगणक मेरिटच्या क्रमाने प्रत्येकाची यादी वरून खाली वाचत येतो आणि जिथे तुमच्या गुणांना जागा असेल तिथे थांबतो. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. तेव्हा जे खरोखर हवं ते वर, आणि जिथे मिळालं तरी जाणार नाही ते यादीतच नको.

2025 च्या प्रवेशात इंजिनिअरिंगला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घेणं बंधनकारक, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही. मिळालेली अशी जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून पहिल्या सहा ओळी घरात बसून, फी आणि राहण्याचा खर्च मांडून ठरवा. नियम दर वर्षी बदलू शकतात. माहितीपुस्तिका येईल त्या दिवशी डाउनलोड करा आणि दोनदा वाचा.

मुलींनो आणि मुलांनो, टीएफडब्ल्यूएसचा पर्याय वेगळ्या कोडने भरावा लागतो, हे विसरू नका. मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा या योजनेच्या असतात आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर कोणत्याही प्रवर्गाला शिक्षण शुल्क माफ होतं.

कॅफेत बसून भरायला हरकत नाही. पण यादी तुमच्या वहीतली, मोबाईल नंबर घरातला आणि पासवर्ड तुमच्याच जवळ. भरलेला फॉर्म ओटीपी टाकून कन्फर्म केला नाही तर तो धरतच नाहीत. कन्फर्म झाल्यावर प्रिंट घेऊनच उठा.

६. फी बघून स्वप्न सोडू नका

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट 8 लाखांच्या उत्पन्नाची. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटीवर होतो आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात, तेव्हा जोडणी आधी तपासा.

"सीट करून देतो" म्हणणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने बंदी आहे. प्रत्येक व्यावसायिक कॉलेजची फी ठरलेली असते. तेवढीच भरा आणि पावती घ्या. मूळ कागद तपासायला दाखवा, कॉलेजात ठेवायला देऊ नका. टीसी मात्र एकदाच निघते, म्हणून प्रवेश पक्का झाल्याशिवाय ती कुठे जमा करू नका.

७. जवळचं आहे म्हणून हलकं समजू नका

पुण्याचंच नाव घेणाऱ्यांना सांगतो, आधी जिल्ह्यात काय आहे ते बघा. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 1933 पासूनची यूडीसीटी, तिचा मराठवाडा परिसर 2018 पासून जालन्यात आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये 100 जागांनी सुरू झालं. बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे. जालना आणि अंबडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कृषीकडे वळणाऱ्यांनी सातबारा आणि तलाठ्याचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र तयार ठेवावं; शेतकरी कुटुंबाला त्याचा भारांक मिळतो. जेईएस किंवा बारवाले कॉलेजातून बीएस्सी करून पुढे गेलेली मुलंही आपल्या आसपास आहेत, त्यांना भेटा.

नीटवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. 2020 मध्ये राज्याने वैद्यकीय प्रवेशाचा विभागवार 70-30 कोटा रद्द केला. तेव्हापासून राज्याच्या 85 टक्के जागांवर मराठवाड्याच्या मुलाला महाराष्ट्रभर सारखा हक्क आहे. पर्याय भरताना सगळा महाराष्ट्र नजरेसमोर ठेवा.

आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. लेकराला कागदांसाठी तुमची सही, तुमचा एक दिवस आणि तुमचा शब्द हवा असतो; शाखा त्याला निवडू द्या. आणि लेकरांनो, तुमचा प्रवेश झाला की तुमची वही, कागदांची यादी आणि कटऑफचा तक्ता गल्लीतल्या पुढच्या बारावीवाल्याला समजावून द्या. ज्याच्या घरात आजवर कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याच्याकडे आधी जा.