बाटुमीचा डाव

काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जिया देशात, बाटुमी नावाचे नगर आहे. सन २०२५ च्या जुलै महिन्यात तेथे स्त्रियांची बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा भरली. १०७ खेळाडूंतून अंतिम सामन्यास ज्या दोघी उरल्या, त्या दोघीही भारतीय होत्या: आंध्र प्रदेशातील कोनेरू हंपी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख.

हंपी २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाल्या होत्या. त्या वेळी दिव्याचा जन्मही झालेला नव्हता! हा बुद्धिबळातील सर्वोच्च किताब. तो मिळविण्यासाठी ठरावीक दर्जाची कामगिरी सामान्यतः तीन वेळा करून दाखवावी लागते. दिव्याच्या नावावर तशी एकही नव्हती. परंतु ही स्पर्धा जिंकणारीस तो थेट मिळणार होता.

२६ व २७ जुलैचे दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. आता निर्णय लागावयाचा तो जलद डावांनी. अशा डावात प्रत्येकीस पंधरा मिनिटे आणि दर खेळीमागे दहा सेकंद मिळतात. खेळी केली, की आपले घड्याळ दाबावयाचे. लगेच समोरच्याचे चालू होते. स्वतःचा वेळ संपला, तर पटावर वजीर आणि दोन्ही हत्ती शाबूत असूनही डाव हातचा जातो. पटावर मोहरी बत्तीस खरी; पण जलद डावात घड्याळ हे तेहतिसावे मोहरे समजावे.

२८ जुलै रोजी पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी आली. डाव लांबला, तसा हंपींचा वेळ झपाट्याने घटू लागला आणि घाईत त्यांच्या हातून चूक झाली. दिव्याचे पारडे जड झाले. पण पुढे तिचाही नेम चुकला व हाती येऊ लागलेला विजय निसटला. पाहणाऱ्यास अशी चूक चटकन दिसते. ज्याच्यासमोर सेकंद सरत असतात, त्यास ती दिसतेच असे नाही. दिव्या पुन्हा पटावर वाकली. काही खेळ्यांनंतर हंपींची आणखी एक चूक झाली, आणि यावेळी ती दिव्याने सोडली नाही. हंपींनी डाव सोडला.

एकोणीस वर्षांची दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. पटावर इतका वेळ आवरलेले अश्रू तिला आता आवरेनात. आई तेथेच होती. तिच्या गळ्यात पडून ती मनसोक्त रडली.