वॉर्निंग गप्प करण्याआधी

चि. सोनल हिस,


लिनक्सवर मुकाट्याने बिल्ड होणारी तुझी सी लायब्ररी विंडोजवर नेल्याबरोबर वॉर्निंगांचा ढीग पडला. आता जिथे तक्रार तिथे कास्ट घालून रविवारपर्यंत सगळं स्वच्छ करायचा तुझा बेत आहे. तो सोड. कंपायलरला नेमकं काय खटकलंय ते कळल्याशिवाय एकाही ओळीला हात लावू नकोस.

६४-बिट लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर मात्र ३२ चाच. तू पॉइंटर लाँगमध्ये ठेवलास, म्हणजे तिथे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळाला. कास्टने कंपायलर गप्प बसेल, पत्ता तुटकाच राहील. टाइपच बदल, यूइंटपीटीआर_टी त्यासाठीच आहे.

अक्षरतक्त्यात साधं कॅरेक्टर थेट इंडेक्स म्हणून वापरल्याची वॉर्निंग मला सगळ्यांत मोलाची वाटते. साधा कॅरेक्टर टाइप इंटेल मशीनवरच्या लिनक्समध्ये साइन्ड असतो, एआरएमवरच्या लिनक्समध्ये अनसाइन्ड. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. साइन्ड धरले की ते ऋण होतात, आणि तुझा कोड तक्त्याच्या अलीकडची मेमरी वाचतो. चाचण्यांत निव्वळ इंग्रजी मजकूर आहे, म्हणून त्या बिनबोभाट पास होतात. आपल्या भाषेचा मजकूर आला की मोडणारी लायब्ररी तुझ्या हातून बाहेर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. इथे अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये कास्ट हाच खरा इलाज आहे. तो कर, आणि त्याच कमिटमध्ये मराठी मजकुराची चाचणी घाल.

डेबियनची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळींवर मेमरी तपासणारा व्हॅलग्रिंड तक्रार करत होता: न भरलेली मेमरी वापरली जातेय. तक्रार खोटी नव्हती. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजात त्या ओळी काढल्या गेल्या आणि तक्रार थांबली. पण त्यातलीच एक ओळ खरी यादृच्छिकता मिसळत होती. ती गेल्यावर बदलता उरला जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक, जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं, तोवर त्या पॅकेजने बनवलेल्या किल्ल्या जगभर पसरल्या होत्या. त्या सगळ्या बाद करून नव्या कराव्या लागल्या. बदल करणाऱ्याने आधी ओपनएसएसएलवाल्यांना विचारलंही होतं, पण नुसतं विचारणं पुरलं नाही. म्हणून ओळ काढण्यापूर्वी ती काय काम करते ते स्वतः लिहून काढत जा.

बिल्डच्या मांडणीबद्दल थोडंसंच. वॉर्निंगला एरर मानणारा पर्याय तुझ्या सीआयमध्ये चालू ठेव, वापरणाऱ्यांच्या बिल्डमध्ये नको. नवा कंपायलर नव्या वॉर्निंग आणतो, आणि वापरणाऱ्यांचं काम विनाकारण अडतं. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने तर जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं थेट एरर ठरवलं. कॉन्फिगर स्क्रिप्टमधल्या जुन्या तपासण्या हेडर न घेताच फंक्शन वापरतात. तिथे तपासणीच कंपाइल होत नाही, स्क्रिप्ट समजते की ही सोय या मशीनवर नाही, आणि बिल्ड मात्र यशस्वी! जुन्या आणि नव्या कंपायलरने बनवलेल्या कॉन्फिग हेडरचा डिफ काढ. जी ओळ एकात आहे नि दुसऱ्यात नाही, तिचं कारण शोध आणि मला कळव.

तुझा,
मामा