दुधाची स्लिप आणि सी भाषा

पुणे

प्रिय सोनू,


मैत्रिणी पुण्याला गेल्या आणि आपण शिरूरच्या बीसीएत अडकलो, असं तू फोनवर म्हणालीस. अडकलीस वगैरे काही नाही. सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये तयार केली. ती पुण्यात एक आणि शिरूरला दुसरी चालत नाही. फरक पडतो तो कीबोर्ड कोणाच्या हातात असतो याने. एका मशीनवर तिघी बसत असाल, तर भीड न बाळगता खुर्ची पुढे ओढ. बघून कुणाला प्रोग्रामिंग आलेलं नाही.

जर्नल उतरवलं, सरांची सही घेतली, की प्रॅक्टिकल झालं असं धरू नकोस. पॅलिंड्रोम, फिबोनाची एकदा करून टाक, ओरलला विचारतात. मग घरचा हिशेब घे. दादा रोज डेअरीला दूध घालतो. स्लिपवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) आणि दर असतो. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला ठरलेला दर, त्याखाली गेलं की कपात. हाच प्रोग्राम लिही.

त्यात एक गंमत होईल. फॅट फ्लोटमध्ये घे आणि ती 3.5 आहे का, असं इफमध्ये विचार; बरोबर उत्तर येईल. आता दोन्हीकडे 3.4 घाल. मशीन म्हणेल, नाही! आपण दशमानात एक भागिले तीन लिहू लागलो की तीनवर तीन येतच राहतात. मशीनच्या द्विमान पद्धतीत 3.4 चं तसंच होतं, 3.5 चं होत नाही. फ्लोटमध्ये तो आकडा साधारण सात अंकांवर तुटतो, तर तू इफमध्ये लिहिलेला 3.4 डबल असतो, तो पंधरा-सोळा अंकांपर्यंत जातो. दोन्ही जुळणार कसे? म्हणून फॅट दहाने गुणून पूर्णांकात ठेव: 35, 34. पैशांचा हिशेबही रुपयांत न करता पैशांत. हे एकदा स्वतः अडखळून कळलं की जन्मात विसरणार नाहीस.

दुसरं, बदल करताना जुनी फाईल पुसू नकोस. काय बदललं, का बदललं, तारखेसकट वहीत लिही. तुमच्या इनामगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 ते 1983 उत्खनन केलं. आधीची चौकोनी घरं जाऊन उत्तर जोर्वे या नंतरच्या काळात गोल झोपड्या आल्या, हे त्यांना सांगता आलं, कारण कुठली वस्तू कुठल्या थरात मिळाली याची नोंद होती. तू मात्र फायनल, फायनल टू, फायनल न्यू अशी नावं देतेस. मी पाहिलंय.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर जीसीसी हा सीचा कंपायलर फुकट बसतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सीचे धडे मराठीत आहेत, तेही फुकट. क्लासची फी भरायची घाई नको.

दिवाळीला मी येईन तेव्हा स्लिपचा प्रोग्राम चालू करून दाखव. एआयची मदत घेतलीस तरी रागावणार नाही, पण मी बोट ठेवीन ती ओळ तुला समजावून सांगावी लागेल.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या