वाण आणि आवृत्ती

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ, खोडद येथे एक विशाल रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. डॉ. गोविंद स्वरूप हे या दुर्बिणीचे शिल्पकार.

सर्व तबकड्यांच्या संकेतांचा मेळ तत्काळ घालावा लागतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनी 48 संगणकांचा समूह जोडला व त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालविली. हे काम 2010 साली प्रसिद्ध झाले.

लिनक्सचा गाभा 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने रचला. पुढे तो सर्वांस खुला झाला. कोणीही तो वाचावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा! त्यामुळे एकाच गाभ्यावर अनेक आवृत्त्या उभ्या राहिल्या. 1993 साली आरंभलेली डेबियन स्थैर्याबद्दल प्रसिद्ध आहे. फेडोरात नव्या सुधारणा लवकर येतात. 2004 सालची उबुंटू नवशिक्यास सोपी वाटते.

मग यांत श्रेष्ठ कोणती? आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील पावसाळी डोंगरांत भात पिकतो, तर पूर्वेकडील कोरड्या रानात बाजरी. शेतकरी आधी जमीन पाहतो, मग बियाणे निवडतो. आवृत्तीचेही तसेच आहे. वेधशाळेत यंत्र मध्येच थांबले, तर आकाशातील तो क्षण पुन्हा येत नाही. तेथे स्थैर्यच मोलाचे. शिकणाऱ्याने मात्र सोपी आवृत्ती घ्यावी आणि न रुचल्यास खुशाल बदलावी. दुसऱ्याच्या आवडीस हसू नये. त्याचे रान निराळे असते.