मेरुखंड : आयत्या वेळच्या गाण्याचा हिशेब

गवई आयत्या वेळी नव्या सुरावटी कोठून आणतो? दैवी देणगी म्हणून हा प्रश्न सोडून देण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची साधना पाहिली, की त्या देणगीमागचा हिशेब दिसू लागतो. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवीत. मुलाला त्यांनी जी तालीम दिली, तिचा पाया मेरुखंडाचा होता.

सियागंजातील एखाद्या किराणा दुकानात जिरे, धने व हळद अशी तीन पोती ओळीने मांडावयाची आहेत. किती प्रकारे मांडता येतील? सहा. आता पोत्यांच्या जागी सा, रे, ग घ्या. प्रथम ग शेवटी ठेवा : सारेग, रेसाग. मग रे शेवटी : सागरे, गसारे. नंतर सा शेवटी : रेगसा, गरेसा. एकही मांडणी सुटली नाही व एकही दोनदा आली नाही. चौथा स्वर मिळविताच मांडण्या २४ होतात. पाचांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५०४०. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात हा प्रस्तार सांगितला आहे. मांडणीवरून तिचा क्रमांक आणि क्रमांकावरून मांडणी काढण्याची रीतही तेथे आहे!

अमेरिकेतील जॅझ वादकांचीही वाट फार निराळी नाही. जॉन कोल्ट्रेन यांचे १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘जायंट स्टेप्स’ ऐकावे. तेथे आधारस्वर इतक्या झपाट्याने बदलतो, की विचारास सवडच नाही. पहिला, दुसरा, तिसरा व पाचवा, म्हणजे आपल्या भाषेत सारेगप, असे घोटून ठेवलेले तुकडेच मग कामी येतात.

मात्र हिशेब पुरा झाला म्हणजे गाणे झाले, असे नाही. भूप आणि देशकार यांत स्वर तेच पाच, मांडण्याही त्याच १२०. तरी गंधारावर विसावले तर भूप, धैवतावर जोर दिला तर देशकार. कोणती मांडणी घ्यावी व कोठे थांबावे, हे पोत्यांचे गणित सांगत नाही. ते कानाने शिकावयाचे. पाठांतरात हुशार असलेल्या विद्यार्थ्यांचे घोडे, मला वाटते, येथेच अडते. खाँसाहेबांचा झुमऱ्यातील विलंबित ख्याल ऐकताना मोजण्याचे भानच राहत नाही.

नवशिक्याने आठवडाभर या सहाच मांडण्या म्हणाव्यात. प्रत्येकीनंतर तंबोऱ्याच्या षड्जावर थांबावे. सातव्या दिवशी वही मिटून मनात येईल ती मांडणी आधी गावी, आणि ती कितवी होती हे मागाहून ओळखावे.